नावाड्याच्या चित्राखालची ओळ

१

फोटोग्राफरनं कापड उचललं, खाली पाहिलं आणि विचारलं, "फोटो कशाचा काढू?"

कापडाखाली चित्र नव्हतं. चित्र ठेवायच्या लाकडी स्टँडवर दोन काठ्या बांधून त्यांवर कापड नीट पसरलेलं होतं. दारातून डोकावणाऱ्याला आत चित्र आहे असंच वाटावं, अशी ती सोय होती. चित्र तैलरंगातलं, अजून ओलं. आठवडा संपायच्या आत ते छापखान्यात पोचायला हवं होतं, आणि ते नेमकं कधीपासून जागेवर नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

हे सगळं माझ्या भाच्यानं मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, पोलिसांत जा.

"पोलीस नकोत, आत्या. तूच ये."

"पोलीस नकोत म्हणजे चोर घरातला आहे असं तुला वाटतंय."

तो गप्प बसला. लहानपणी बरणी फोडली की असाच गप्प बसायचा.

विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात माझी हयात गेली. जळालेली गोदामं, भिजलेला माल, चोरीला गेलेले आणि मग माळ्यावर सापडलेले दागिने. निवृत्त होऊन गुडघे धरून बसले तरी नातेवाईक काही मला बसू देत नाहीत. तक्रार करते आहे असं समजू नका. घरी बसलेली मी कुणाला हवी आहे?

भाच्याची कंपनी म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या चार खोल्या. तिथे 'पैलतीर' नावाचा कार्डांचा खेळ तयार होतो. पत्त्यांमधलं मला बदाम सातपलीकडे काही कळत नाही, पण या खेळावर जीव टाकणारी माणसं आहेत. बंद पाकिटं विकत घ्यायची, आत कुठली कार्डं निघतात ते बघायचं, नको असलेली मित्राच्या गळ्यात मारून हवी असलेली त्याच्याकडून उकळायची आणि मग समोरासमोर बसून लढायचं. प्रत्येक कार्डावर एक चित्र, ताकदीचे आकडे आणि अगदी खाली एक ओळ. अशा शेकडो ओळी जोडत गेलं की धुक्यातल्या एका नदीची आणि माणसांना पार नेणाऱ्या नावाड्याची गोष्ट तयार होते.

हा खेळ भाच्यानं आणि त्याच्या शाळेपासूनच्या मित्रानं मिळून काढला. मित्राची बायको ओळी लिहायची, मित्राची धाकटी बहीण चित्रं काढायची, आणि नावाड्याला तिनं आपल्या भावाचाच चेहरा दिला होता. दोन वर्षांपूर्वी तो मित्र गेला. भर दुपारी, घरी एकटा असताना, हृदयविकारानं. नणंद-भावजय त्याच घरात राहत राहिल्या, त्याच कामावर येत राहिल्या. आता खेळाच्या शेवटच्या संचात नावाडीही जाणार होता, आणि चोरीला गेलं ते त्याच कार्डाचं चित्र.

मी पोचले तेव्हा ती बहीण, म्हणजे आमची चित्रकार, खिडकीपाशी बसली होती. मी तिला विचारलं, "दुसरं काढायला किती वेळ लागेल?"

तिनं उजवा हात पुढे धरला. तो थरथरत होता, आणि ती तो लपवत नव्हती.

"हे चित्र मी डाव्या हातानं उजवं मनगट धरून पुरं केलं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात हे आता कमी होणार नाही, वाढतच जाईल. आत्या, दादाचं दुसरं चित्र माझ्याकडून होणार नाही. तेवढं एकच होतं."

२

चित्रं वाळवायची खोली आतल्या बाजूला होती. दाराला नुसती कडी, कुलूप नाही. खिडकीला गज. चोर दारातून आला आणि दारातूनच गेला, आणि त्या दाराशी जायला समोरच्या खोलीत बसलेल्यांना ओलांडावं लागत होतं. म्हणजे ज्याला बघून कुणी मान वर करणार नाही असाच कुणीतरी.

मी चित्रकाराला विचारलं, "ओलं चित्र न्यायचं कसं? गुंडाळून?"

"गुंडाळलं तर संपलंच. चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे टाचायचे, म्हणजे रंगाला काही टेकत नाही. मग चपट्या खोक्यात उभं ठेवून न्यायचं." तिनं फळीवरचा डबा उघडला. "बुचं होती यात."

डबा रिकामा होता. खोकंही एक कमी होतं, ज्यांतून खेळाचे मोठे फलक दुकानांना पाठवतात त्यांतलं.

मी जरा वेळ तिथेच स्टुलावर बसले. गुडघ्यासाठी म्हणा, विचारासाठी म्हणा. ज्याला हे चित्र नको होतं त्यानं ते फाडलं नव्हतं, खरवडलं नव्हतं. बुचं लावून, रंगाला धक्का लागू न देता नेलं होतं. नासवायला नव्हतं न्यायचं, कुणी बघू नये म्हणून न्यायचं होतं. अशी चोरी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

मग मी एकेकाला बोलावलं. पहिला आला तो नियम बनवणारा. कुठलं कार्ड किती ताकदीचं आणि कोण कुणाला मारू शकतं हे तो ठरवतो. खेळणाऱ्यांची भांडणंही तोच सोडवतो, म्हणून सगळे त्याला 'पंच' म्हणतात. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड भिंगं. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मी तिथे सिगारेट ओढली."

"कुठे?"

"त्या खोलीत. काल दुपारी. ओल्या रंगाजवळ धूर नको अशी सक्त ताकीद आहे, मला माहीत आहे. पण मी धूर खिडकीबाहेर सोडला. कापडाला हातसुद्धा लावला नाही. धुरानं चित्र काळवंडलं म्हणून तर कुणी हलवलं नसेल ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे चोर नव्हता त्याच्याही मनात लख्ख चांदणं पडलं होतं.

"नावाडी मरू नये असं तुम्हाला वाटत होतं म्हणे," मी म्हटलं.

"हो, मी विरोध केला होता. इतकं जमून आलेलं कार्ड, त्याच्यावर निम्मा खेळ उभा आहे. पण माझं कोण ऐकतं? दुकानदार तर कधीपासून मागे लागलेत, शेवट कधी आणताय म्हणून. नावाडी मरतोय अशी नुसती कुणकुण लागताच दुप्पट पाकिटं आगाऊ सांगून ठेवलीत त्यांनी." तो थांबला, चष्मा काढून पुसू लागला. "एक सांगू का? सांगू नये खरं तर. साहेबांनी बाहेरच्या एका चित्रकाराकडून गुपचूप दुसरा शेवट काढून घेतलाय. त्यात नावाडी वाचतो. आम्हाला कुणाला पत्ता नाही असं त्यांना वाटतं."

साहेब म्हणजे माझा भाचा. ज्यानं मला चोर शोधायला बोलावलं होतं तोच.

३

"दुकानदार म्हणत होते," भाचा म्हणाला. त्यानं माझ्याकडे न बघता टेबलावरची कार्डं सारखी केली. "नावाडी मारला तर गिऱ्हाईक चिडेल. म्हणून हाताशी एक असावं, इतकंच."

"आणि मूळ चित्र नाहीसं झालं तर हाताशी असलेलंच छापावं लागेल."

"आत्या, तुला वाटतंय मी नेलं?"

"मला अजून काहीच वाटत नाही. तुझे कान लाल झालेत एवढं दिसतंय."

पण तो मूर्ख नाही. चित्र नाहीसं करायचं असतं तर त्यानं मला बोलावलंच नसतं, गुपचूप दुसरं छापून मोकळा झाला असता. तरी काहीतरी त्याला आतून खात होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि भावजयीकडे, म्हणजे लेखिकेकडे वळले.

ती शांत बाई. बोलते कमी, ऐकते जास्त. मी म्हटलं, मला तुमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही, जरा समजावून सांगा. तिनं खणातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. चित्रात एक घर, दार बंद, खिडक्या बंद, अंगणात उभी असलेली दहा-बारा माणसं. खाली ओळ होती: 'कडी आतून लावलेली आहे. घरातली सगळी माणसं बाहेर आहेत.'

भर उजेडात माझ्या अंगावर काटा आला.

"चित्रात घर दिसतं, माणसं दिसतात," ती म्हणाली. "कडी कुठून लावली आहे ते दिसत नाही. म्हणून ते ओळीत. आमचा एकच नियम आहे, आत्या. जे दिसतं ते लिहायचं नाही. चित्रात पाऊस असेल तर ओळीत पाऊस येता कामा नये. बघणारा ते बघतोच आहे, त्याला पुन्हा सांगून काय उपयोग? ओळीनं चित्राच्या मागचं दार किलकिलं करायचं."

"आणि नियम मोडला तर?"

"मोडतच नाही आता. हातच वळत नाही तसा. बाहेरच्या पाट्या वाचतानासुद्धा मला खटकतं. चपलेच्या दुकानावर चपलेचं चित्र आणि खाली 'चपला' असं लिहिलेलं असतं ना, तेव्हा."

तिनं आणखी एक कार्ड दिलं. रस्त्याकडेला मीठ विकत बसलेली म्हातारी. 'तिला गिऱ्हाईक नको असतं. कुणीतरी विचारपूस करणारं हवं असतं.' मी ते कार्ड जरा जास्तच वेळ हातात धरलं असावं, कारण तिनं दुसरीकडे बघितलं.

मग तिनं कामाची पद्धत सांगितली. नवा संच सुरू करताना सगळे टेबलाभोवती बसतात आणि ती गोष्ट तोंडानं सांगते. याला ते 'सांगणी' म्हणतात. कुणी काही टिपून घ्यायचं नाही, मनात राहील तेवढंच कामाचं. त्यावरून पंच आकडे ठरवतो, चित्रकार चित्र काढते, आणि चित्र पाहून शेवटी ही ओळ लिहिते.

"नावाड्याचा शेवट काय सांगितला होतात?"

"नाव काठाला येऊन लागली आहे. रिकामी. आत दिवा कलंडून विझलेला. माणूस नाही. बस, एवढंच."

"चित्र पाहिलंत तुम्ही?"

"नाही. या वेळी तिनं कुणालाच दाखवलं नाही, कापड टाकून ठेवलं. मी सांगणीवरूनच ओळ लिहून दिली."

हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. मी उठून भाच्याच्या संगणकापाशी गेले आणि ते शेवटचं कार्ड दाखव म्हटलं. चित्राची जागा कोरी, खाली गडद पट्टीवर ओळ: 'नाव रिकामीच परतली.'

"आधी दुसरी ओळ होती," भाचा म्हणाला. "'हाक त्यानं मारली होती.' मला तीच आवडायची. पण काल सकाळी वहिनी घाईघाईनं आल्या आणि म्हणाल्या, ती काढ, ही घाल."

मी मान डोलावली, चार पावलं दाराकडे गेले, आणि परत येऊन ती ओळ पुन्हा वाचली.

४

दारं-खिडक्या, कड्या-कुलपं, कोण कुठे होतं, हे सगळं मी त्या क्षणी सोडून दिलं. एवढी एक ओळ पुरे होती.

सांगणीप्रमाणे चित्रात रिकामी नाव दिसणार होती. मग चित्राखाली 'नाव रिकामीच परतली' असं ही बाई लिहील? चपलेच्या चित्राखाली 'चपला' वाचून जिला खटकतं, ती? आणि जुन्या ओळीत वाईट काय होतं? रिकामी नाव, विझलेला दिवा, आणि खाली 'हाक त्यानं मारली होती.' छातीत कळ येईल अशी ओळ. ती काढून कुणी ही भाकड ओळ का घालेल?

त्याला एकच उत्तर होतं. चित्रात नाव रिकामी नव्हती. आणि हाक चित्रातच दिसत होती.

मी चित्रकाराला गॅलरीत नेलं, दार लोटून घेतलं.

"सांगितलं होतं तसं चित्र तू काढलंच नाहीस," मी म्हटलं. "नावेत नावाडी आहे. तो हाक मारतोय."

"तुम्हाला कुणी सांगितलं? मी कुणाला दाखवलं नव्हतं."

"कुणी नाही सांगितलं. काय काढलंयस ते तूच सांग."

ती खालच्या रस्त्याकडे वळली. मग म्हणाली, "नदीच्या मध्यावर नाव आहे. दादा उभा आहे, तोंडाशी हात नेऊन हाक मारतोय. अलीकडच्या तीरावर एक बाई बसली आहे. तिच्याजवळ दिवा आहे, चांगला जळतोय. तिनं नुसता दिवा उचलून वर धरला असता तरी पुरलं असतं. पण ती मान खाली घालून मांडीवरच्या कामात गढलेली आहे. तिला ऐकूच येत नाही. किंवा येतंय, पण हातातलं संपवून मग उठू म्हणतेय."

"बाईचा चेहरा?"

"दिसत नाही. केस पुढे आलेत."

"मांडीवर काय आहे?"

"पांढरं, चपटं काहीतरी. छापताना तर ते नखाएवढं होईल." तिनं डोळे मिटले. "सांगणी मोडली मी, मला ठाऊक आहे. छापून आल्यावर वहिनी काय म्हणेल याच्या भीतीनं झाकून ठेवलं होतं. पण मला ते एकदा कुठेतरी सांगायचंच होतं. तोंडानं सांगता येईना."

तेव्हा मला सगळं दिसलं, आणि दिसल्याचा आनंद मुळीच झाला नाही. कापड उचलून ज्या बाईनं ते चित्र पाहिलं होतं, ती मांडीवरचं ते पांढरं, चपटं काय आहे असं समजली असेल?

"वहिनी कुठे आहे तुझी?" मी विचारलं.

ती जागेवर नव्हती. न सांगता घरी निघून गेली होती.

५

घर जवळच होतं. मी आणि चित्रकार पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. लेखिका आतल्या खोलीत, एका बंद कपाटासमोर, जमिनीवर बसली होती. आम्हाला बघून ती दचकली नाही.

"ओळीवरून कळलं ना?" तिनं मला विचारलं. "तुम्ही परत येऊन ती वाचलीत, तेव्हाच मला कळलं."

"चित्र लपवायचंच होतं तर ओळ कशाला बदललीत?"

"तेव्हा लपवायचं ठरलं नव्हतं. ओळ चित्राला बसते का एवढंच बघायचं होतं, म्हणून कापड उचललं. तो हाक मारताना दिसला. माझ्या ओळीतही हाक. पायांनीच मला संगणकापाशी नेलं, मी ओळ बदलून आले. तोवर मन जागेवर नव्हतंच. मग परत जाऊन नीट पाहिलं, आणि ती बाई दिसली." ती उठली आणि तिनं कपाट उघडलं.

ते तिच्या नवऱ्याचं कपाट होतं. शर्ट, कोट सगळे एका अंगाला दाबून लावले होते, आणि मोकळ्या केलेल्या जागेत चित्र उभं होतं, चारी कोपऱ्यांना बुचं. रंगाला कुठे ओरखडाही नव्हता. या कपाटाला नणंद कधीच हात लावत नाही, हे तिला माहीत होतं.

"कबूल आहे मला," ती नणंदेला म्हणाली. "ती मीच आहे. पण तुला कसं कळलं? मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

"काय सांगितलं नव्हतंस?"

"त्या दुपारी त्याचा फोन आला होता. आम्ही सांगणीला बसलो होतो, मी सांगत होते. सांगणीत फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम. माझा फोन टेबलावर पालथा होता. तो थरथरला, मी बघितलंसुद्धा नाही. आत्या, तुमचा भाचा तेवढा फोन आला म्हणून उठून दाराबाहेर गेला होता, तर मी त्याच्यावर चिडले. परत आल्यावर म्हटलं, बसा आता, तार तुटते." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "संध्याकाळी घरी आले तेव्हा फोन त्याच्या हातातच होता. त्यातली माझी नोंद मी पुसून टाकली. दोन वर्षं तुझ्याशेजारी जेवते आहे मी, आणि रोज वाटतं, आज हिला सांगावं. मग चित्र पाहिलं. मांडीवर कागद घेऊन बसलेली बाई. मला वाटलं, हिला सगळं माहीत आहे, आणि हिनं ते गावभर छापायचं ठरवलंय. बरोबरच आहे म्हणा. पण माझ्यानं बघवलं नाही. फाडवलंही नाही, कारण त्यात तो आहे."

चित्रकार जमिनीवर बसली.

"वहिनी, तो कागद नाही," ती म्हणाली. "तो कॅनव्हास आहे. ती बाई मी आहे."

लेखिका कपाटाचं दार धरून तिच्याकडे वळली.

"मलाही आला होता फोन. त्या दिवशी मी सांगणीला बसले नव्हते, आत चित्र रंगवत होते. हात रंगानं भरलेले. दादाचं नाव दिसलं. मी म्हटलं, एवढं आकाश पुरं करते, हात धुते आणि मग करते. आकाश पुरं केलं मी." तिनं थरथरता हात दुसऱ्या हातानं दाबून धरला. "त्याच्या फोनमध्ये माझं नाव असेल म्हणून मी कित्येक दिवस तुझ्याकडे बघत नव्हते. तू बोलली नाहीस, तेव्हा वाटलं, तू मला माफ केलंस. मग वाटलं, नाही केलंस, म्हणूनच बोलत नाहीस."

"मी दुसरं काही बघितलंच नाही," लेखिका म्हणाली. "माझं नाव पुसलं आणि फोन बंद केला."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या वगैरे काही नाही. आयुष्यात तसं होत नाही. लेखिका नुसती नणंदेशेजारी जमिनीवर बसली, आणि दोघी त्या चित्राकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "खाली कुठली ओळ घालू?" चित्रकार म्हणाली, "तू ठरव." इतकं साधं बोलणंही त्यांच्यात दोन वर्षांत झालं नसावं असं मला वाटलं.

माझं काम झालं होतं. चोरी उलगडली, माल सुखरूप सापडला. मी जिना उतरू लागले आणि अर्ध्यातच कठडा धरून उभी राहिले. लेखिका सहज एक वाक्य बोलून गेली होती, आणि ते आता माझ्या कानात वाजायला लागलं होतं.

६

भाचा ऑफिसात एकटाच होता. पंचाला त्यानं घरी पाठवलं होतं. चित्र सापडलं, रंगही शाबूत आहे म्हटल्यावर त्यानं खुर्चीत अंग टाकलं. मी त्याला सगळं सांगितलं, दोन्ही फोनांसह. तो ऐकत गेला आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"दुकानदारांना नावाडी जिवंत हवा आहे असं म्हणाला होतास," मी म्हटलं. "पंच म्हणतो, ते शेवटाची वाट बघत बसलेत. दुप्पट पाकिटं आगाऊ सांगितलीत त्यांनी. मग दुसरा शेवट कुणाला हवा होता?"

तो कार्डं सारखी करू लागला. ती सारखीच होती.

"माणूस दुखायला लागल्यावर बायकोला फोन करतो. तिनं नाही उचलला, बहिणीला करतो. तिनंही नाही उचलला. मग शाळेपासूनचा मित्र उरतो. त्या दुपारी सांगणीतून उठून दाराबाहेर जाऊन तू कुणाशी बोललास?"

मला वाटलं होतं तो नाकारेल. मी तयारही होते. या पोराला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. याच्या आईबापांशी खोटं बोलून याला वाचवलंय. त्या क्षणी मला मनापासून वाटलं की यानं खोटं बोलावं आणि मी त्यावर विश्वास ठेवावा.

"उचलला होता मी," तो म्हणाला.

"काय म्हणाला तो?"

"विचारलं, कामात आहेस का. आवाज जरा दमल्यासारखा होता. मी म्हटलं, हो, सांगणी चालू आहे. तो म्हणाला, मग राहू दे." भाच्यानं कार्डं खाली ठेवली. "मी फोन ठेवून परत आत जाऊन बसलो. आत्या, मी विचारलंही नाही की काय राहू दे."

मला त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, आणि फिरवला नाही. दोन वर्षं हा माणूस नावाड्याला कागदावर वाचवू बघत होता, आणि त्या दोघींच्या घरी सणासुदीला जाऊन, पाठ थोपटून घेऊन येत होता. किती आधार दिला यानं, असं त्या दोघी मला कौतुकानं सांगायच्या.

"मला सांगून उपयोग नाही," मी म्हटलं. "त्यांना जाऊन सांग."

"त्या मला दारात उभं करणार नाहीत."

"नसतीलही करत."

"आताच त्यांचं जरा सरळ झालंय म्हणतेस. आता हे सांगून काय मिळणार त्यांना?"

"त्या दोघींना असं वाटतंय," मी म्हटलं, "की फोन उचलला असता तर तो वाचला असता. तू उचलला होतास."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग तो उठला, त्यानं चपला घातल्या, आणि त्या घराकडे निघाला.